बाबांच्या सात गँगा

१९६८ सालच्या मे महिन्यात मी नऊ वर्षांची होते. जबलपूरहून कलकत्ता-मुंबई मेलने निघून, कल्याणला गाडी बदलून आम्ही पुण्याला मामाकडे सुट्टीला आलो होतो. मामाच्या वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळी सगळी भावंडं जमली होती आणि कुणाचे बाबा काय करतात यावर बोलणं चाललं होतं. एकाचे बँकेत होते, एकाचे कॉलेजात शिकवत. माझी पाळी आली तेव्हा मी मान ताठ करून सांगितलं, "आमच्या बाबांच्या सात गँगा आहेत."

सगळे गप्प झाले, आणि मग हशा पिकला. थोरल्या मामेभावाने विचारलं, "म्हणजे तुझे बाबा डाकू आहेत?" मध्य प्रदेश म्हटलं की चंबळचं खोरं आणि घोड्यावरचे दरोडेखोर, एवढंच त्या मुलांनी ऐकलं होतं. मी रडकुंडीला आले. मामीने मला आत नेलं, हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि हळूच सांगितलं, "बाळ, गँगा म्हणू नये. बाबांच्या हाताखाली माणसं आहेत, असं म्हणावं."

त्यात काय चुकलं ते मला कळेना. आमच्या घरी हा शब्द सकाळच्या चहाबरोबर टेबलावर यायचा. तीन नंबरची गँग आज पुलाजवळ आहे, पाच नंबरच्या गँगमधल्या एकाला ताप भरलाय, सहा नंबरच्या मेटच्या मुलीचं लग्न ठरलंय, हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं. सात गँगा म्हणजे माझ्या लेखी सात घरं होती, आणि त्या सगळ्या घरांना माझं नाव ठाऊक होतं.

बाबा रेल्वेत पी. डब्ल्यू. आय. होते. हे पद म्हणजे पर्मनंट वे इन्स्पेक्टर, रेलपथ निरीक्षक. 'पर्मनंट वे' या नावाचं मला लहानपणी फार कोडं होतं. पुढे बाबांनीच ते उलगडलं. नवी लाईन बांधताना माती आणि सामान वाहायला आधी कामचलाऊ रूळ टाकायचे. भराव बसला, पूल तयार झाले की ते काढून मग खरे, कायमचे रूळ घालायचे. म्हणून हा कायमचा मार्ग. "पण कायमचा म्हटलं तरी तो रोज हलतो," बाबा सांगायचे. "गाडी गेली की गिट्टी सरकते, ऊन पडलं की रूळ लांबतो, थंडीत आखडतो. रोज माणूस चालला तरच मार्ग कायमचा राहतो."

तेव्हा जबलपूर विभाग मध्य रेल्वेत होता आणि मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईला. त्यामुळे आमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं पुष्कळ. दुपारच्या वेळी दोन-तीन खिडक्यांतून फोडणीचा वास आणि मराठी बोलणं एकदमच बाहेर यायचं. गुरुवारी आई गोलबाजारातल्या दत्तमंदिरात जायची. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मात्र "काय बड्डे!" अशी खास जबलपुरी हाक कानी पडे. त्या बोलीतलं 'काय' आणि आपलं 'काय' एकच वाटून मी लहानपणी दोन्ही भाषांत बिनदिक्कत वावरले.

बाबांचा सेक्शन कटनीच्या अंगाला होता. अधारताल, देवरी, गोसलपूर, सिहोरा रोड या स्टेशनांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. प्रत्येक गँगला काही मैलांचा तुकडा वाटून दिलेला. गँगचा पुढारी तो मेट. आम्ही मुलं त्यांना 'मेट दद्दा' म्हणायचो, कारण त्या मुलखात थोरल्या माणसाला दद्दाच म्हणतात. मेटच्या हाताखाली दहा-बारा गँगमन, आणि त्यांतलाच एक चाबीवाला, कीमन. रूळ आणि स्लीपर यांना घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीला चाबी म्हणत. गाड्यांच्या धडधडीने चाब्या सैल व्हायच्या. चाबीवाल्याने रोज पहाटे हातोडा, दोन झेंड्या आणि पटाख्यांची डबी घेऊन निघायचं, जाताना एका रुळाकडे आणि येताना दुसऱ्या रुळाकडे बघायचं आणि सैल झालेली प्रत्येक चाबी ठोकून बसवायची.

पटाखे म्हणजे धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे स्फोटक बिल्ले. रूळ तुटलेला दिसला तर चाबीवाल्याने येणाऱ्या गाडीच्या दिशेने लाल झेंडी दाखवत धावायचं. सहाशे मीटरवर एक पटाखा आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन पटाखे लावायचे. इंजिनाचं चाक त्यांवरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. हे आकडे बाबा आम्हाला जेवताना विचारायचे. धाकट्या भावाला तेराचा पाढा येत नव्हता, पण हे अचूक यायचं.

एकदा डिसेंबरच्या सुट्टीत बाबांनी मला गँगचं काम बघायला गोसलपूरजवळ नेलं. हवेत गारठा होता. रुळांच्या कडेला लाकडाचे काळे स्लीपर रचलेले होते आणि त्यांना क्रिओसोट तेलाचा उग्र वास येत होता. तो वास अजून कुठे आला तर मी नऊ वर्षांची होते. चार जण एका स्लीपरच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात बीटर, म्हणजे एका टोकाला बोथट असलेली कुदळ. त्या बीटरने स्लीपरखाली गिट्टी ठासायची. एकाचा घाव खाली, दुसऱ्याचा वर, आणि मध्ये तोंडाने धरलेला ताल. ताल चुकला तर बीटर शेजाऱ्याच्या पायावर. मेट दद्दा पन्नास-साठ पावलं लांब जाऊन रुळावर ओणवे झाले, एक डोळा मिटून रुळाच्या डोक्यावरून बघू लागले आणि हाताने इशारे करू लागले. डावीकडे, अजून थोडं, बस्स. पहारी लावलेल्या सहा जणांनी एका दमात जोर केला आणि ती लोखंडाची लांबच लांब रेघ दोन बोटं सरकली. मला तो चमत्कार वाटला.

दुपारी गँगच्या झोपडीपाशी गोवऱ्यांचा विस्तव केला होता. त्यात गक्कड भाजत होत्या. गक्कड म्हणजे कणकेचे जाड गोळे. शेजारी निखाऱ्यांत वांगी. वांग्यांचं भर्ता झालं, गक्कडवरची राख झटकून झाली, फडक्यावर मीठ-मिरची ठेवली गेली. तरी कुणी हात लावेना. मला सपाटून भूक लागली होती. मी मेट दद्दांना विचारलं, "अब क्यों रुके हैं?" त्यांनी रुळाच्या दिशेने हनुवटी वळवली आणि म्हणाले, "बिटिया, चाबीवाला अभी चल रहा है।"

तो आल्यावर जेवणं झाली. दूरवरून त्याची खाकी टोपी दिसली तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला तेव्हा फक्त भुकेचं समाधान वाटलं होतं.

*

पुढे मी इंग्रजी विषय घेतला आणि जबलपुरातच तो शिकवत नोकरी केली. १९८० च्या सुमारास एकदा ग्रंथालयात स्कीटचा व्युत्पत्तिकोश हातात आला. पुण्याच्या ओसरीवरचा तो हशा मनात कुठेतरी टोचत होताच. मी पहिला शब्द काढला तो 'गँग'.

जुन्या इंग्रजीत 'गँग' म्हणजे चालणं, वाटचाल, जाण्याचा मार्ग. टोळीचा, माणसांचाच, त्यात पत्ता नाही. स्कॉटलंडच्या बोलीत 'गँग' हे 'जाणे' या अर्थाचं साधं क्रियापद होतं. जर्मनमध्ये 'गांग' म्हणजे चाल, तशीच चालायची वाट, घरातला बोळसुद्धा. जहाजावर चढायच्या फळीला आणि रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या वाटेला 'गँगवे' म्हणतात, तो या जुन्या अर्थाचा मागे राहिलेला पुरावा. चालण्यावरून मग एकत्र जाणाऱ्या वस्तूंचा संच, त्यावरून हत्यारांचा संच, आणि सतराव्या शतकात एकत्र कामाला जाणारे मजूर असा अर्थ सरकत गेला. गुन्हेगारांची टोळी हा अर्थही त्याच शतकात चिकटला.

आमच्या शेजारचे एक काका ठासून सांगत, की गँग म्हणजे गंगाच, एकत्र वाहणारी. कल्पना सुंदर आहे, पण तसं नाही. गंगा 'गम्' धातूवरून येते आणि त्या धातूचं इंग्रजीतलं भावंड म्हणजे 'कम', येणे. गँगचं संस्कृतातलं नातं भाषाशास्त्रज्ञ दाखवतात ते 'जंघा' या शब्दाशी. जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय, पोटऱ्या आणि नडग्या. ते वाचलं आणि गोसलपूरचे ते गिट्टीत रोवलेले, धुळीने पांढरे झालेले पाय डोळ्यांपुढे आले. दिवसभर पायांवर असलेल्या माणसांना तो शब्द किती नेमका बसला होता! तो देणाऱ्या साहेबालाही त्याचा मूळ अर्थ बहुधा ठाऊक नसेल.

आपल्याकडेही माणसांच्या समूहाचे कितीतरी शब्द पायांनीच चालत आलेत. 'संगत' म्हणजे सोबत गेलेले. 'समिती' या आज टेबलाभोवती बसणाऱ्या शब्दातही 'इ' धातू आहे, जाण्याचा. मूळ अर्थ एकत्र येणं. 'समाज' या शब्दात 'अज्' धातू आहे, हाकण्याचा, पुढे नेण्याचा. यात्रेची जत्रा झाली. पंढरीच्या वाटेवरची दिंडी तर चालणं थांबलं की दिंडी राहतच नाही. आमच्या नर्मदेकाठी परिक्रमेला निघालेल्या साधूंच्या मेळ्याला 'जमात' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आणि नर्मदामाईच्या काठाने चालू लागला. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी तुकड्यातुकड्याने नर्मदेची पायी परिक्रमा केली, त्यावर लिहिलं, आणि त्या गुजराती लेखनाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या गावाला चालणाऱ्यांची किंमत कळते, असं मला त्यामुळे वाटतं.

*

पण याच गावात गँग हा शब्द पहिल्यांदा ठळकपणे लिहिला गेला, तो फार काळ्या कारणासाठी.

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. सीताबर्डीच्या लढाईनंतर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलं. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा दख्खनचा मोठा रस्ता इथून जातो. त्या रस्त्यावर व्यापारी, यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई चालत. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच ठगांविरुद्धच्या मोहिमेचं मुख्य ठाणं केलं. ठगांच्या सांकेतिक बोलीला रामसी म्हणत. तिचा शब्दसंग्रह असलेलं 'रामसीआना' हे त्याचं पुस्तक १८३६ साली कलकत्त्यात छापलं गेलं. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या कोणत्याही 'गँग'चा माणूस असल्याचं सिद्ध झालं तर जन्मठेप ठरवली. अमुक गुन्हा केला हे दाखवायची गरज उरली नाही, गँगमधला असणं पुरेसं झालं. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. स्लीमनने रंगवलेलं ठगांचं चित्र कितपत खरं, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात. पण त्याच्या कागदांतून गँग म्हटलं की भय, हा अर्थ घट्ट झाला यात शंका नाही.

त्या वृत्तांतांतली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. ठग वाटसरूंना आधी सोबत करत. चार-दोन मुक्काम बरोबर चालत, बरोबर स्वयंपाक करत, विश्वास संपादत आणि मग रुमालाने गळा आवळत. एकट्याने प्रवास नको म्हणून माणूस ज्या सोबतीला शरण जातो, तीच त्याचा घात करी.

स्लीमनच्या मोहिमेला तीस-पस्तीस वर्षं होतात न होतात तोच जबलपुरात रूळ आले. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे इथपर्यंत पोचली. इटारसीकडून येणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेशी ती जोडली गेली आणि ७ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्या मार्गाचं उद्घाटन केलं. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती आमच्या गावात. आणि त्या रुळांबरोबर तोच शब्द पुन्हा आला. गँग.

बाबांच्या सेक्शनच्या थोडं पुढे, सिहोरा रोड आणि कटनीच्या मध्ये, स्लीमनाबाद रोड नावाचं स्टेशन आहे. त्या पिवळ्या पाटीवरून आमची पॅसेंजर गाडी कितीदा गेली. ज्या मुलखात अनोळखी सोबत्यांच्या गँगला भिऊन माणसं रात्री वाट चालत नसत, त्याच मुलखातून पुढे लाखो माणसं रात्री गाडीत निर्धास्त झोपून जाऊ लागली, ती दुसऱ्या एका गँगच्या भरवशावर. तीही अनोळखी माणसंच. प्रवाशांनी त्यांचं तोंडही कधी पाहिलेलं नसतं. पुण्याच्या ओसरीवर मला एवढं बोलता आलं असतं तर!

मराठीलाही ही कोंडी ठाऊक आहे. 'टोळी' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला गुन्ह्याची बातमी आठवते. पण बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारा. तो मुकादमाच्या टोळीतून बायको-मुलांसह कारखान्याच्या वाटेला लागतो. माथाडी कामगारही टोळीनेच कामावर उभा राहतो आणि मजुरी टोळीत वाटून घेतो. 'कंपू' हा शब्द महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा मानाचा शब्द होता, आज तो स्वार्थापुरत्या एकत्र आलेल्यांना लागतो. एकत्र येणाऱ्या कष्टकऱ्यांचे शब्द असे सहज मळतात. दुरून पाहणाऱ्याला घोळका दिसतो आणि घोळक्याची त्याला भीती वाटते. जवळ जाऊन नावं विचारणारा म्हणजे बाबांसारखा एखादाच.

*

आता ते रूळही बदलले आणि गँगही.

लहानपणी गाडीत बसलं की खडक-खडक, खडक-खडक असा ताल लागायचा. जेमतेम तेरा मीटरचा एक रूळ, मग सांधा, मग पुढचा रूळ. त्या सांध्यांवरून चाक जाताना तो आवाज यायचा आणि आम्ही मुलं त्यावर गाणी बसवायचो. आता रूळ वितळजोड करून मैलोन् मैल सलग केले आहेत. ताल गेला, गाडी सरसरत जाते. लाकडाचे स्लीपर गेले, काँक्रीटचे आले, त्याबरोबर क्रिओसोटचा वास गेला. चार जणांनी तालात ठासायची गिट्टी आता पिवळं अवजड यंत्र आपल्या लोखंडी बोटांनी ठासतं. वाफेची इंजिनं गेली, डिझेलचीही गेली, वर विजेच्या तारा आल्या. गोंदियाची छोटी लाईन आणि तिचं हाऊबाग स्टेशन आता फक्त आमच्या बोलण्यात उरलं. त्या मार्गावर ब्रॉडगेज आली. १ एप्रिल २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय झालं, त्याचा अभिमान आहे. कॉलनीतल्या खिडक्यांतून येणारं मराठी मात्र विरळ होत गेलं.

यातलं पुष्कळ चांगलंच झालं. बीटर मारून मारून मेट दद्दांच्या खांद्याची हाडं कशी झिजली होती ते मी पाहिलं आहे. थंडीच्या रात्री रुळाला तडा गेलाय का हे बघत एकट्याने कंदील घेऊन चालणाऱ्यांची भीती मी त्यांच्या बायकांच्या तोंडून ऐकली आहे. आज गस्तीवाल्याजवळ तो कुठे आहे हे सांगणारं जीपीएस यंत्र असतं. बायकाही या कामावर भरती होतात. माझ्या लहानपणी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पदाचं नावही बदललं. गँगमनचा ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. कुणालाही गँगचा माणूस म्हणवून घ्यावं लागू नये, असा त्यामागे सद्भाव असेल. माझी मामीही तोच सद्भाव मनात धरून मला समजावत होती. तरी मला हुरहूर लागते. नव्या नावात रूळ आहे, दुरुस्ती आहे. जुन्या नावात चालणं होतं आणि आपण एकटे नाही हे होतं. एक नाव मात्र टिकलं. काँक्रीटच्या स्लीपरांवर आता चाब्या नाहीत, स्प्रिंगच्या पोलादी क्लिपा रूळ धरून ठेवतात. पण त्या तपासत जाणाऱ्याला आजही कीमनच म्हणतात.

आणि गुन्ह्याकडे गेलेली वाट? ठग या शब्दाची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि ठगांची कलमं पुस्तकातून गेली. जबलपूरहून सुरू झालेली ती गोष्ट कायद्यापुरती तरी संपली.

माझी नात पुण्यात राहते. बारा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाली, "आजी, आमच्या गँगने किल्ला केलाय, फोटो पाठवते." ज्या पुण्यात मला त्या शब्दासाठी आत नेऊन समजावलं गेलं, तिथेच तो आज मुलांच्या तोंडी इतका प्रेमाचा झालाय. सहा मैत्रिणी, त्यांची गँग. त्यांचा फोनवर ग्रुपही आहे. मी तिला सांगितलं, की ग्रुपचं मूळ इटालियन 'ग्रुप्पो', म्हणजे गाठ. चित्रकारांनी एका चौकटीत जवळजवळ रंगवलेल्या आकृत्यांसाठी तो शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. आणि कंपनी म्हणजे लॅटिनमध्ये एका पावातले वाटेकरी. "म्हणजे ग्रुप गाठ मारतो, कंपनी जेवते आणि गँग चालते," ती म्हणाली. इतकी वर्षं शिकवून मला ते एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

माझ्या पिढीची माणसंही आता ग्रुपवर भेटतात. कॉलनीतल्या जुन्या मराठी घरांचा एक ग्रुप आहे. कुणी नागपूरला, कुणी ठाण्यात, कुणी अमेरिकेत. रोज सकाळी तिथे फुलांची चित्रं येतात आणि कुणी आजारी पडलं तर लगेच कळतं. ती गाठ मला हवीच आहे. पण एकाचं दुखणं कळल्यावर उठून त्याच्या दारापर्यंत चालत जाणं आता होत नाही. अंतरंच तेवढी आहेत. पाच नंबरच्या गँगमधल्या त्या तापकऱ्याच्या घरी बाबा मला घेऊन तीन मैल चालत गेले होते. आईने दिलेला मऊभाताचा डबा माझ्या हातात होता.

या मे महिन्यात नात जबलपूरला आली. एका सकाळी मी तिला अधारतालच्या बाजूला, जिथून लाईन दिसते तिथे फिरायला नेलं. ऊन अजून चढायचं होतं. लांबून एक भगव्या जाकिटातला माणूस येत होता. खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, नजर रुळावर. जवळ आल्यावर मी रामराम केला, बाबा इथेच पी. डब्ल्यू. आय. होते म्हणून सांगितलं. तो मनापासून हसला. छातीवरच्या ओळखपत्रावर ट्रॅक मेंटेनर असं छापलेलं होतं. नातीने विचारलं, "आप क्या काम करते हैं?" तो म्हणाला, "गैंग में हैं, बिटिया।"

तो पुढे गेला. वळणाशी त्याचं भगवं जाकीट बारीक होत होत ठिपक्याएवढं झालं. नात त्याच्याकडे बघत राहिली.

"आजी, तो तर एकटाच आहे. मग गँग कुठे आहे?"

मी तिला खाली, झाडाच्या सावलीत बसवलं आणि गोसलपूरच्या त्या दुपारची गोष्ट सांगितली. राख झटकलेल्या गक्कड, वांग्यांचं भर्ता, आणि भुकेने कळवळलेली तिच्याहून लहान अशी एक मुलगी. सगळं तयार असूनही कुणी घास का घेत नव्हतं, ते मेट दद्दांच्याच शब्दांत सांगितलं.

"चाबीवाला अभी चल रहा है।"